‘सॅम अँड मॅक्स’चा सेव्ह केलेला खेळ वारंवार नाहीसा होत असेल तर

‘सॅम अँड मॅक्स’ या विनोदी गुप्तहेरी खेळाचा एखादा भाग रात्री अर्ध्यावर सेव्ह करून संगणक बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी उघडल्यावर सेव्हची यादी रिकामी दिसावी, ही तक्रार कोल्हापुरातील माझ्या नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांतून सतत येते. बहुतेक घरांत तिच्यावर एकच उपाय केला जातो, तो म्हणजे खेळ काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल करणे. त्यानंतर काही दिवस सारे सुरळीत चालल्यासारखे वाटते, पण मालिकेचा पुढचा भाग सुरू केला की तीच तक्रार परत येते. खेळ पुन्हा इन्स्टॉल केल्याने मूळ कारण जागच्या जागी राहते आणि उरलीसुरली सेव्ह फाइलही कधी कधी पुसली जाते. त्यामुळे तो उपाय करण्यापूर्वी काय तपासावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी या खेळाच्या रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तक्रार पुन्हा पुन्हा का उद्भवते याचे अर्धे उत्तर त्या रचनेतच आहे. सॅम हा कोट-टोपी घालणारा कुत्रा आणि मॅक्स हा सशासारखा दिसणारा तापट प्राणी; स्टीव्ह पर्सेल यांनी निर्माण केलेली ही जोडी १९८७ मध्ये कॉमिकच्या रूपात आली. लुकासआर्ट्सने १९९३ मध्ये ‘सॅम अँड मॅक्स हिट द रोड’ हा खेळ काढला आणि पुढे टेलटेल गेम्सने ऑक्टोबर २००६ ते एप्रिल २००७ या काळात पहिली मालिका सहा भागांत आणली. दुसरी मालिका २००७-०८ मध्ये पाच भागांत आणि तिसरी २०१० मध्ये पाच भागांत आली. ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानातील मूळ आवृत्तीत यांतील प्रत्येक भाग हा स्वतंत्र प्रोग्राम आहे. म्हणजे तिन्ही मालिका घेतल्या तर संगणकावर सोळा वेगवेगळे प्रोग्राम बसतात. टेलटेलमधील जुन्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या स्कंकेप गेम्सने या मालिकांच्या नव्या आवृत्त्या अनुक्रमे डिसेंबर २०२०, डिसेंबर २०२१ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत एका मालिकेचे सर्व भाग एकाच प्रोग्राममध्ये आहेत. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे, हे प्रथम निश्चित करावे. मूळ आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर असतील, तर एकीत सेव्ह केलेला खेळ दुसरीत दिसणार नाही, आणि चुकून दुसऱ्याच चिन्हावर क्लिक केल्यामुळे ‘सगळे गेले’ असे वाटणे अगदी शक्य आहे.

या प्रकारच्या खेळात सेव्ह जाणे मला विशेष गंभीर वाटते. गाड्यांच्या शर्यतीच्या खेळात नोंद गेली तर शर्यत पुन्हा खेळता येते आणि तिची गंमतही कायम राहते. येथे मात्र खेळाचा जीव संवादांत आहे. एखाद्या पात्राला कोणता प्रश्न विचारला, कोणती वस्तू उचलून खोक्यात ठेवली, कोणते कोडे कोणत्या विचित्र युक्तीने सुटले, हे सर्व सेव्ह फाइलमध्ये नोंदलेले असते. ती फाइल गेली की तीच कोडी उत्तरे माहीत असताना पुन्हा सोडवावी लागतात आणि पहिल्यांदा ऐकताना खळखळून हसवणारा विनोद तिसऱ्यांदा ऐकावा लागतो. मुले तेथेच खेळ सोडून देतात, आणि इतक्या कसदार लेखनाचा खेळ केवळ एका फोल्डरच्या घोटाळ्यामुळे सुटावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तपास करताना एक प्रश्न सर्वांत आधी सोडवावा: सेव्ह फाइल मुळात तयारच होत नाही, की तयार होते पण भलतीकडे जाते, की योग्य जागी असूनही वाचली जात नाही? या तीन अवस्थांची बाह्य लक्षणे एकसारखी असली तरी उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. टेलटेलच्या मूळ आवृत्त्या आपल्या सेव्ह फाइल डॉक्युमेंट्समधील ‘टेलटेल गेम्स’ या फोल्डरमध्ये ठेवतात. खेळ सुरू करून थोडे पुढे जावे, मेनूमधून स्वतः सेव्ह करावे, खेळ बंद न करता ऑल्ट आणि टॅब ही बटणे एकत्र दाबून बाहेर यावे आणि तो फोल्डर उघडून फाइल बदलल्याच्या तारखेनुसार क्रम लावावा. आत्ताच्या वेळेची फाइल तेथे दिसली, तर फाइल तयार होण्यात अडचण नाही. दिसली नाही, तर एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून लपवलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय चालू करावा, सी ड्राइव्हवरील यूझर्स फोल्डरमध्ये जावे आणि आज बदललेल्या फाइलचा शोध घ्यावा. नव्या आवृत्त्यांसाठीही हीच पद्धत चालते, कारण तिच्यात फोल्डरचे नाव आधी माहीत असण्याची गरज नाही. हा तपास करण्यास पाचदहा मिनिटे लागतात आणि त्यानंतर अंदाज बांधण्याचे कारण उरत नाही.

फाइल भलतीकडे सापडली तर कारण बहुधा दोन डॉक्युमेंट्स फोल्डर हे असते. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीचा, बॅकअप चालू केला की डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवला जातो. पुढे कोणी तो बॅकअप बंद केला, तर जुन्या फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहू शकतात आणि मूळ जागी रिकामा डॉक्युमेंट्स फोल्डर पुन्हा कामाला लागतो. खेळ विंडोजला विचारतो, “डॉक्युमेंट्स कोठे आहे?” आणि विंडोज त्या क्षणी जी जागा सांगेल तेथेच तो पाहतो. म्हणून बॅकअप चालू-बंद झाला की सेव्ह नाहीसे होते, आणि कधी कधी आपोआप परतही येते. घरातील एकाने ‘इंटरनेटचा डेटा फार खर्च होतो’ म्हणून बॅकअप बंद करावा आणि दुसऱ्याने सूचना आली म्हणून पुन्हा चालू करावा, असे एकत्र कुटुंबातल्या संगणकावर नेहमी घडते. एक जागा ठरवावी, दोन्हीकडील ‘टेलटेल गेम्स’ फोल्डर तपासून अलीकडच्या तारखेच्या फाइल त्या जागी एकत्र कराव्यात आणि मग ती सेटिंग कोणीही बदलू नये, असे घरात सांगून ठेवावे. वनड्राइव्हचीच जागा ठेवायची असेल तर त्या फोल्डरवर उजवे क्लिक करून फाइल कायम याच संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा. अन्यथा काही फाइल केवळ इंटरनेटवर राहतात आणि नेट नसताना खेळाला त्या उघडता येत नाहीत.

फाइल मुळातच तयार होत नसेल तर विंडोज सिक्युरिटीमधील रॅन्समवेअर प्रोटेक्शन हा विभाग पाहावा. तेथे ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे. ती विंडोज १० मध्ये २०१७ च्या अद्ययावत आवृत्तीपासून आली आणि मुळात बंद असते, परंतु संगणक दुरुस्तीला गेला असता सुरक्षेच्या हेतूने ती अनेकदा चालू केली जाते. ती चालू असताना अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये काहीही लिहिता येत नाही. सुरक्षा म्हणून ही सोय चांगली आहे आणि ती बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याच पानावर एखाद्या प्रोग्रामला परवानगी देण्याचा पर्याय असतो, तेथे खेळाची मुख्य फाइल निवडून परवानगी द्यावी. मात्र येथेच भागांच्या रचनेचा प्रश्न आडवा येतो. मूळ आवृत्तीत प्रत्येक भाग स्वतंत्र प्रोग्राम असल्यामुळे पहिल्या भागाला दिलेली परवानगी दुसऱ्या भागाला लागू होत नाही. ‘मागच्या वेळी दुरुस्त केले होते, तरी पुन्हा तेच झाले’ अशी जी तक्रार येते, तिचे हे एक ठळक कारण आहे. मालिकेतील सर्व भागांना एकाच बैठकीत परवानगी देऊन टाकावी.

आता ज्या कारणाविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, ते म्हणजे देवनागरीत ठेवलेले यूझरचे नाव. नवा संगणक घरी आला की त्याला हळदकुंकू लावून पहिले खाते ‘श्री अंबाबाई’ किंवा ‘चांगभलं’ या नावाने उघडायचे, ही आपल्याकडची आवडती पद्धत आहे, आणि तिच्यात बदल करण्याची मुळीच गरज नाही. फक्त तिचा तांत्रिक परिणाम समजून घ्यावा. विंडोजमध्ये स्थानिक खाते उघडताना जे नाव टाइप केले जाते, त्याच नावाचा फोल्डर सी ड्राइव्हवरील यूझर्समध्ये तयार होतो, आणि डॉक्युमेंट्सची जागा त्याच्या आत असते. त्यामुळे सेव्ह फाइलच्या मार्गात, म्हणजे तिच्या जागेच्या पूर्ण पत्त्यात, देवनागरी अक्षरे येतात. आजचे प्रोग्राम युनिकोड, म्हणजे सर्व लिपींना सामावणारी अक्षरपद्धती, वापरत असल्यामुळे त्यांना याचा काही त्रास होत नाही. परंतु २००६ च्या सुमारास लिहिलेले अनेक प्रोग्राम फाइलचे मार्ग जुन्या, एका अक्षराला एक बाइट देणाऱ्या पद्धतीने वाचत असत. त्या पद्धतीच्या इंग्रजी अक्षरसंचात देवनागरीला जागाच नाही, आणि ज्या अक्षराला जागा नाही त्याच्या ठिकाणी विंडोज प्रश्नचिन्ह ठेवते. फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह वापरण्यास विंडोजमध्ये मनाई आहे. म्हणजे असा प्रोग्राम अस्तित्वात नसलेल्या आणि निर्माणही होऊ न शकणाऱ्या जागी फाइल लिहू पाहतो, लिहिणे अयशस्वी होते, आणि पुष्कळदा पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही.

आपल्या संगणकावर हेच घडत आहे का, हे पाहण्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमधून ‘KHL’ अशा साध्या रोमन नावाचे दुसरे स्थानिक खाते उघडावे, त्यातून खेळ सुरू करावा आणि सेव्ह करून पाहावे. तेथे सेव्ह टिकले आणि देवनागरी नावाच्या खात्यात टिकले नाही, तर निदान पक्के झाले. माझ्या भाच्याने एकदा फोनवर “मामा, काल सेव्ह केलेलं सगळं गेलं की!” असे रडवेल्या आवाजात सांगितले, तेव्हा मी त्याच्याकडून प्रथम हीच चाचणी करून घेतली होती, आणि तेव्हापासून कोणाचीही तक्रार आली की मी यूझर्स फोल्डरमधील नाव आधी विचारतो.

यावर लोक सामान्यतः खात्याचे नाव बदलून पाहतात, आणि त्याचा उपयोग होत नाही. खात्याचे दिसणारे नाव बदलले तरी यूझर्समधील फोल्डरचे नाव पहिल्या दिवशी पडले तेच राहते. तो फोल्डर हाताने बदलण्याच्या भानगडीत पडू नये, कारण विंडोजच्या अनेक नोंदी जुन्या नावाशी बांधलेल्या असतात आणि खातेच उघडेनासे होऊ शकते. मात्र याच वैशिष्ट्याचा उलट्या दिशेने फायदा घेता येतो. नवे खाते उघडताना नाव रोमन अक्षरांत द्यावे, एकदा त्या खात्यात प्रवेश करावा म्हणजे फोल्डर तयार होईल, आणि त्यानंतर खात्याचे दिसणारे नाव ‘श्री अंबाबाई’ असे देवनागरीत बदलावे. फोल्डर रोमन राहतो, जुने प्रोग्राम चालतात, आणि संगणक सुरू होताना पडद्यावर देवीचे नाव आपल्या लिपीतच दिसते. खेळासाठी मराठी सोडावी लागते, असा समज कोणत्याही मुलाच्या मनात राहू नये, म्हणून ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो.

नवे खाते उघडणे शक्य नसेल, म्हणजे जुन्या खात्यात वडिलांचे हिशोब, फोटो आणि इतर असंख्य गोष्टी असतील, तर आणखी एक सोपा मार्ग आहे. डॉक्युमेंट्सवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे, लोकेशन या टॅबमध्ये डी ड्राइव्हवरील रोमन नावाच्या नव्या फोल्डरची जागा द्यावी आणि मूव्ह करावे. विंडोज सर्व फाइल तेथे नेऊन ठेवते, आणि डॉक्युमेंट्सची जागा विंडोजला विचारून घेणाऱ्या खेळाला त्यानंतर देवनागरीविरहित मार्ग मिळतो. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर हे करण्यापूर्वी तो बंद करावा, नाहीतर दोन्ही सेटिंग एकमेकींशी भांडत राहतात.

तिसरा एक उपाय संगणकाची माहिती असलेले लोक सुचवतात, त्याविषयी सावध करणे मला गरजेचे वाटते. कंट्रोल पॅनलच्या रीजनमध्ये, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबखाली, संपूर्ण संगणकासाठी यूटीएफ-८ (युनिकोडचाच एक प्रकार) वापरण्याचा एक पर्याय ‘बीटा’ या खुणेसह दिलेला असतो. तो चालू केला की काही जुन्या खेळांना देवनागरी मार्ग कळू लागतात, हे खरे आहे. परंतु तो बदल एका खेळापुरता राहत नाही, सगळ्या जुन्या प्रोग्रामना लागू होतो. ज्या घरात त्याच संगणकावर लग्नपत्रिका, अहवाल किंवा दिवाळी अंकाची डीटीपीची कामे जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये होतात, तेथे अशा फाइलमधील मजकूर विस्कटण्याची शक्यता असते. मुलाचा खेळ वाचवताना आईच्या किंवा काकांच्या पोटापाण्याचे काम अडू नये. डीटीपीच्या संगणकावर हा पर्याय वापरू नये, एवढे स्पष्ट सांगतो.

फाइल योग्य जागी आहे, पण खेळ ती वाचत नाही, अशी अवस्था असेल तर फाइलचा आकार पाहावा. आकार शून्य असेल किंवा इतर सेव्ह फाइलच्या तुलनेत फारच लहान असेल, तर लिहिणे अर्ध्यावर तुटलेले आहे. पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः पंचगंगेला पाणी चढते त्या दिवसांत, वीज जाण्याचे प्रमाण वाढते, आणि सेव्ह होत असताना नेमकी वीज गेली तर असे होते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. बऱ्याच इन्व्हर्टरवर साधा मोड आणि यूपीएस मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये विजेवरून बॅटरीवर जाण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात डेस्कटॉप संगणक बंद पडू शकतो. संगणकाची जोडणी असेल तर बटण यूपीएस मोडवर ठेवावे. त्याखेरीज एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा सेव्ह न करता दोन नोंदी आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे एक बिघडली तरी तिच्या आधीची शाबूत राहते. बिघडलेली फाइल वनड्राइव्हमध्ये असेल तर तिच्यावर उजवे क्लिक करून जुन्या आवृत्त्यांची यादी पाहता येते, आणि तिच्यातून कालची आवृत्ती परत आणता येते.

१९९३ चा ‘हिट द रोड’ खेळणाऱ्यांसाठी वरील बहुतेक मजकूर लागू होत नाही. तो खेळ आजच्या संगणकावर स्कमव्हीएम या मोफत प्रोग्राममधून चालवणे उत्तम. त्याच्या सेटिंगमध्ये पाथ्स या विभागात सेव्ह ठेवण्याची जागा आपल्याला ठरवता येते. तेथे रोमन नावाचा एक स्वतंत्र फोल्डर द्यावा, म्हणजे प्रश्न मिटतो. ऐकलेला संवाद पुन्हा ऐकायचा नसेल तर पूर्णविरामाचे बटण दाबून एकेक वाक्य पुढे ढकलता येते, याचाही सेव्ह गेलेल्यांना उपयोग होईल.

कारण सापडल्यावर आणि ते दूर केल्यावर एक सवय लावून घ्यावी. भाग संपला किंवा एखादे मोठे कोडे सुटले की ‘टेलटेल गेम्स’ हा संपूर्ण फोल्डर त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. तो परत बसवताना खेळ बंद असल्याची खात्री करावी आणि सध्याचा फोल्डर पुसून न टाकता त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावा, म्हणजे काही चुकले तर मागे येता येते. संगणक फॉरमॅट करण्यासाठी दुकानात देण्यापूर्वी तर हे आवर्जून करावे. ‘डेटा ठेवा’ असे सांगितले की दुकानदार फोटो आणि हिशोबाच्या फाइल जपतो, परंतु खेळाचा फोल्डर जपायचा आहे हे वेगळे सांगितल्याशिवाय त्याच्या लक्षात येत नाही.

एवढे करूनही एखादी सेव्ह फाइल परत मिळाली नाही, तर मुलाला पूर्ण मालिका सुरुवातीपासून खेळायला लावू नये. मूळ आवृत्तीतील भाग स्वतंत्र असल्यामुळे आधीच्या भागाची सेव्ह नसली तरी पुढचा भाग उघडतो. पहिल्या मालिकेत प्रत्येक भागाचे प्रकरण बरेचसे स्वतंत्र असल्याने असे पुढे जाणे फारसे खटकत नाही. तिसऱ्या मालिकेची कथा मात्र भागागणिक पुढे सरकत जाते, त्यामुळे तेथे अर्धवट राहिलेला भाग आधी पूर्ण करावा आणि मगच पुढच्या भागाकडे वळावे.